आपण सिक्युरिटीचा सल्ला का ऐकत नाही? आणि आपण ऐकत नाही म्हटल्यावर सिस्टीमवाले काय करतात?

अनोळखी लिंक उघडू नका. ओटीपी कोणाला सांगू नका. पासवर्ड बदलत राहा. अपडेट आलं की लगेच करा. ही वाक्यं आपण इतक्यांदा ऐकली आहेत की झोपेतही म्हणू शकू. तरी आपण ती पाळत नाही. का बरं? आपण बेफिकीर आहोत म्हणून, की सल्ला देण्याच्या पद्धतीतच काही गडबड आहे?

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचं आणि ऑफिसच्या मशीनचं काम बघतो. म्हणजे हे सल्ले देणं हीच माझी नोकरी. गेल्या दिवाळीनंतर हा सल्ला माझ्याच घरात फसला. तिथूनच सुरुवात करतो.

मोठेबाबांच्या फोनमध्ये काय झालं?

आमच्या मोठेबाबांनी सोयाबीन विकलं होतं आणि पैसे खात्यात जमा झाले होते. त्याच आठवड्यात गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फाईल आली. नाव होतं ‘पीएम किसान केवायसी’ आणि शेवटी ‘डॉट एपीके’. खाली मजकूर होता की आजच केवायसी करा, नाहीतर पुढचा हप्ता थांबेल. फाईल पाठवणारा नंबर गावातल्याच ओळखीच्या माणसाचा. त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

मोठेबाबांनी फाईल उघडली, इन्स्टॉल केली, मेसेज वाचायची परवानगी मागितली तिथे ‘अलाऊ’ दाबलं. आत फॉर्म होता. आधार नंबर, मोबाईल नंबर आणि ‘खातं तपासण्यासाठी’ एटीएम कार्डाची माहिती. त्यांनी चष्मा लावून, नीट बघून सगळं भरलं. रात्री तीन वेळा पैसे गेले. एकूण ४६,००० रुपये.

एपीके म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. अँड्रॉइडवरचं प्रत्येक अ‍ॅप मुळात एपीके फाईलच असतं. प्ले स्टोअरवरून घेतो तेव्हा ती गुगलकडून तपासून येते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल कोणी बनवली, हे कोणालाच माहीत नसतं. अशा अ‍ॅपला मेसेज वाचायची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी चोराकडे पोचतो. मोठेबाबांनी ओटीपी कोणालाही सांगितला नव्हता. तो सल्ला त्यांनी तंतोतंत पाळला होता. फोननेच तो परस्पर सांगून टाकला.

सकाळी मी तावातावाने विचारलं, “फोनवर एवढी वॉर्निंग आली असंल, तरी काऊन दाबलं?”

मोठेबाबा म्हणाले, “काही आलं नाही बावा. अन् आलं असतं तरी मी दाबलंच असतं. मागं त्या क्रिकेटच्या अ‍ॅपच्या वक्ताला तूच तं शिकवलं होतं मले. असंच येते, दाबून टाकायचं म्हणून.”

मी गप्प झालो. खरं होतं ते. आयपीएलच्या वेळी फुकट मॅच दिसावी म्हणून त्यांच्या फोनमध्ये मी स्वतः एक बाहेरचं अ‍ॅप टाकलं होतं. तेही व्हॉट्सअ‍ॅपवरूनच आलं होतं. ‘अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करू द्यायचं का?’ असं फोनने विचारलं, मी व्हॉट्सअ‍ॅपला कायमची परवानगी दिली. प्ले प्रोटेक्ट आडवं आलं, ते बंद केलं. आणि वरून म्हणालो, “असंच येते, काही होत नाही त्याले.” कॉलेजात भिंतीवर ‘बाहेरचे अ‍ॅप टाकू नका’ असा कागद लावणारा मीच होतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा प्रश्न बसला आहे. लोक सल्ला का ऐकत नाहीत, यावर मी जे वाचलं आणि लॅबमध्ये जे पाहिलं, ते आज तुमच्यासमोर मांडतो.

पहिलं कारण : सल्ला फुकट नसतो

कॉलेजात लागलो तेव्हा मी जोशात नियम केले होते. एकूण १४. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा. त्यात कॅपिटल अक्षर, आकडा आणि चिन्ह पाहिजेच. स्क्रीन २ मिनिटांत लॉक. ऑफिसमधल्या मोठ्या बाबूंनी पहिल्याच महिन्यात पासवर्ड कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवला. मी रागावलो, तर ते म्हणाले, “सर, अ‍ॅडमिशनच्या दिवसांत खिडकीत साठ पोरं उभी असतात. तुमचा पासवर्ड आठवत बसू का पोरायचे फॉर्म भरू?”

तेव्हा मला ते आळशीपणाचं उत्तर वाटलं. आज वाटतं की त्यांनी हिशोब सांगितला होता. ऑफिसात १० माणसं. लॉक उघडणं, पासवर्ड आठवणं, चुकला की मला फोन करणं, यात प्रत्येकाची रोजची १५ मिनिटं गेली तर दिवसाला अडीच तास झाले. माझ्या नियमांची किंमत रोज अडीच तास होती आणि ती मी भरत नव्हतो, ते भरत होते.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ले यांनी २००९ मध्ये नेमका हाच मुद्दा एका निबंधात मांडला. त्यांचं म्हणणं असं की सल्ला नाकारणारा वापरकर्ता बहुतेक वेळा मूर्ख नसतो, तो नफा-तोटा बघून वागतो. त्यांनी साधा हिशोब केला. अमेरिकेत तेव्हा सुमारे १८ कोटी प्रौढ लोक इंटरनेट वापरत होते. किमान वेतनाच्या दुप्पट दर धरला, तर या सगळ्यांचा एक तास म्हणजे जवळपास २६० कोटी डॉलर. सल्ला देणारा म्हणतो, “थोडं लक्ष द्या, काय बिघडतं?” पण ते ‘थोडं’ कोट्यवधी लोकांनी रोज द्यायचं असतं. फायदा मात्र ज्या थोड्यांवर हल्ला होणार होता त्यांनाच. म्हणून कितीतरी सल्ल्यांची किंमत त्यांच्या फायद्यापेक्षा जास्त भरते.

त्याच्या एक वर्ष आधी, २००८ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या अँजेला सॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला सोपं नाव दिलं होतं. माणसाकडे नियम पाळण्याचं एक ‘बजेट’ असतं. ते संपलं की पुढचा नियम कितीही महत्त्वाचा असो, तो पाळला जात नाही. मोठ्या बाबूंचं बजेट माझ्या पासवर्डात आणि स्क्रीनलॉकमध्येच संपत होतं. अनोळखी ईमेल नीट बघायला त्यांच्याकडे काय उरणार?

मोठेबाबांचंही तेच गणित होतं. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. हप्ता अडकण्याची भीती डोळ्यांसमोर होती. फसवणूक ही कुठेतरी दुसऱ्याच्या गावात होणारी गोष्ट. दोन्हींपैकी जवळची भीती त्यांनी आधी मिटवली.

दुसरं कारण : रोज ओरडणारा इशारा ऐकू येत नाही

गावात रोज ‘वाघ आला रे’ ओरडणाऱ्या पोराची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. फोन आणि कॉम्प्युटर तेच करतात. कुकी स्वीकारा, परवानगी द्या, अटी मान्य करा. शंभरपैकी नव्याण्णव वेळा ‘ओके’ दाबून काहीच वाईट होत नाही. म्हणून शंभराव्या वेळीही बोट आपोआप ‘ओके’वर जातं. ही सवय आपल्याला त्या शंभर चौकटींनीच लावलेली असते.

मग लोक इशारे वाचतच नाहीत का? वाचतात! २०१३ मध्ये देवदत्त आखवे आणि एड्रिएन पोर्टर फेल्ट यांनी क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राऊझरमध्ये दिसलेल्या अडीच कोटींहून जास्त इशाऱ्यांचा अभ्यास केला. व्हायरस किंवा फसव्या साईटचा लाल इशारा दिसल्यावर तो ओलांडून पुढे जाणारे लोक एक चतुर्थांशापेक्षा कमी होते. पण ‘या साईटच्या प्रमाणपत्रात अडचण आहे’ हा इशारा क्रोममध्ये सुमारे ७० टक्के वेळा ओलांडला गेला. फायरफॉक्समध्ये तसाच इशारा फक्त ३३ टक्के वेळा.

माणसं तीच, धोका तोच. फरक इशारा कसा मांडला आणि तो किती वेळा विनाकारण येतो, याचा. गुगलने त्यातून धडा घेऊन २०१४ मध्ये क्रोमचा तो इशारा नव्याने बनवला. भाषा सोपी केली आणि सुरक्षित बटण ठळक केलं.

आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांच्या कानात आहे. सायबर फसवणुकीपासून सावध करणारी अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली कॉलर ट्यून आठवते? संदेश बरोबर होता, आवाजही देशात सगळ्यात ओळखीचा. पण घाईत फोन लावताना दरवेळी तेच ऐकून लोक वैतागले. दवाखान्यात तातडीने फोन लावायचा आणि आधी ट्यून ऐकायची, अशा तक्रारी झाल्या. जून २०२५ मध्ये ती बंद झाली. आमच्या लॅबमधल्या पोरांना त्या ट्यूनची नक्कल आवाजासकट करता येत होती. त्यात सांगितलेला हेल्पलाईन नंबर कोणता, असं विचारलं की निम्मी पोरं एकमेकांकडे बघायची.

तिसरं कारण : सल्ला देणारेच सल्ला बदलतात

दर महिन्याला पासवर्ड बदला, त्यात चिन्ह टाका, हा माझा नियम मी कुठून आणला होता? सगळीकडे तसंच लिहिलेलं असायचं. त्याच्या मुळाशी मोठ्या प्रमाणात अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेचं २००३ मधलं एक मार्गदर्शक आहे. ते लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये एका वर्तमानपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला आता पस्तावा होतो.

का पस्तावा? कारण माणसं नियम पाळतात, पण आपल्या सोयीने. माझ्या ऑफिसात ‘वाशिम@जून’चा पुढच्या महिन्यात ‘वाशिम@जुलै’ होत होता. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात २०१० मध्ये जुन्या खात्यांवर अभ्यास झाला. एखाद्याचा जुना पासवर्ड माहीत असेल, तर १७ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड पाचपेक्षाही कमी प्रयत्नांत ओळखता येत होता. म्हणजे एवढा त्रास देऊन चोराला फारसा अडथळा झालाच नाही.

जून २०१७ मध्ये निस्टने आपला सल्ला फिरवला. पासवर्ड ठराविक दिवसांनी बदलायला लावू नका, गळती झाल्याचा पुरावा असेल तरच बदला. चिन्ह-आकड्यांची सक्ती करू नका. लांब पासवर्ड ठेवू द्या आणि सर्रास वापरले जाणारे किंवा आधी फुटलेले पासवर्ड सिस्टीमनेच नाकारावेत. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये विंडोजच्या आपल्या शिफारशींतून पासवर्डची मुदत काढून टाकली. आज २०१७ नंतर इतकी वर्षं झाली, तरी कित्येक ऑफिसांत जुनाच नियम चालू आहे.

आपल्या देशात मे २०२२ मध्ये आधारबद्दल असंच झालं. आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ वापरा, अशी सूचना यूआयडीएआयच्या बंगळूरच्या कार्यालयाने काढली. दोनच दिवसांत, २९ मे रोजी, ती मागे घेतली गेली, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. आता सांगा, सेतू केंद्राच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने कोणतं ऐकायचं? केंद्रावर तर झेरॉक्स दिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

पण म्हणून ऐकायचंच नाही का?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सल्ला न पाळण्यामागे कारण असतं, याचा अर्थ नुकसान होत नाही असा नाही. अपडेटचंच बघा. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला विंडोजमधलं एक मोठं भगदाड बुजवणारं अपडेट दिलं. ‘नंतर आठवण करा’ हे बटण जगभर दाबलं गेलं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच भगदाडातून १५० पेक्षा जास्त देशांत पसरला. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या.

त्यानंतर दीड महिन्याने, २७ जूनला, नॉटपेट्या आला. त्यानेही पसरायला तेच भगदाड वापरलं. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि आपल्या महाराष्ट्रात, उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं.

पण अपडेट न करणाऱ्याची बाजूही ऐका. आमच्या लॅबमध्ये परीक्षेच्या आदल्या दिवशी तीस मशीन एकदम अपडेट व्हायला लागल्या आणि इंटरनेट अर्ध्या तासात कोलमडलं. त्यात लाईट गेली. दोन मशीन परत सुरूच झाल्या नाहीत. पुढचे सहा महिने मी स्वतः अपडेट बंद ठेवलं होतं. एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

आणखी एक. सगळा भार वापरणाऱ्यावर टाकूनही भागत नाही. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. चोरांनी बँकेच्या एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेतच शिरकाव केला, बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले आणि उरलेले परदेशी खात्यात वळवले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. तिथे प्रत्येक खातेदाराने आपला पिन जिवापाड जपला असता तरी हा हल्ला थांबला नसता.

मग सिस्टीमवाले काय करतात?

लोक ऐकत नाहीत म्हटल्यावर यंत्रणा सांभाळणारे साधारण तीन गोष्टी करतात.

पहिली, आणखी जोरात सांगणं. आणखी पोस्टर, आणखी एसएमएस, आणखी ट्यून. मी १४ नियमांचे १८ केले होते. परिणाम तुम्ही ओळखलाच असेल.

दुसरी, परीक्षा घेणं. मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांना मुद्दाम खोटे फसवे ईमेल पाठवतात. जो क्लिक करेल त्याला लगेच ट्रेनिंग. ऐकायला बरं वाटतं. पण अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका मोठ्या आरोग्य संस्थेत १९,५०० हून जास्त कर्मचाऱ्यांवर आठ महिने हा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. ट्रेनिंग मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात फरक होता फक्त १.७ टक्के.

तिसरी गोष्ट अवघड आहे, पण तीच चालते. माणसाला बदलण्याऐवजी यंत्रणा बदलायची. सल्ल्याची गरजच पडणार नाही असं काहीतरी करायचं. याची चांगली उदाहरणं आपल्या देशातच आहेत.

ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाईन कार्ड व्यवहाराला जास्तीचा पासवर्ड किंवा ओटीपी सक्तीचा केला. ‘कार्डाचा नंबर जपा’ एवढं सांगून ती थांबली नाही. नंबर चोरीला गेला तरी नुसत्या नंबरावर पैसे जाऊ नयेत, अशी सोय केली.

यूपीआयचं बघा. “तुम्हाला पैसे पाठवतोय, घेण्यासाठी पिन टाका,” असं म्हणून कितीतरी लोकांना लुबाडलं गेलं. खरं तर ती पैसे मागण्याची रिक्वेस्ट असायची. ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ हे वर्षानुवर्षं सांगून झालं. शेवटी एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी रिक्वेस्ट पाठवण्याची सोयच बंद केली. त्या वाटेने होणारी ती फसवणूक आता सल्ला न ऐकणाऱ्याचीही होऊ शकत नाही.

बँकांच्या वेबसाईटचंही तसंच. पत्त्यातलं स्पेलिंग नीट तपासा, असं आपल्याला सांगतात. पण शेतातून येऊन रात्री फोन बघणारा माणूस एकेक अक्षर तपासणार आहे का? रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साईट ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर न्यायला सांगितलं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. त्यामुळे बघायची गोष्ट एकच उरली.

आणि एपीकेचं? गुगलने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतासाठी प्ले प्रोटेक्टमध्ये नवी सोय जाहीर केली. व्हॉट्सअ‍ॅप, ब्राऊझर किंवा फाईल मॅनेजरमधून आलेलं अ‍ॅप मेसेज वाचण्यासारखी धोकादायक परवानगी मागत असेल, तर ते इन्स्टॉल होण्याआधीच अडवायचं. मोठेबाबांची फाईल अशीच होती. पण त्यांच्या फोनमध्ये प्ले प्रोटेक्ट बंद होतं. ते कोणी बंद केलं होतं, हे तुम्हाला माहीत आहेच.

माझ्या ऑफिसात मी काय बदललं?

१८ नियमांचा कागद काढून टाकला. पासवर्डची महिन्याची मुदत काढली. प्रत्येकाला एकच, पण लांब पासवर्ड ठेवायला सांगितला. चार साधे शब्द, आपल्या आठवणीतले. स्क्रीनलॉक २ मिनिटांवरून १० वर नेलं. अपडेट रविवारी रात्री, पाच-पाच मशीनचं, मी स्वतः चालवतो. कोणाला काही विचारत नाही. बॅकअप रोज आपोआप होतो. बाबूंना आणि मॅडमना आता एकच गोष्ट सांगितली आहे. काही विचित्र दिसलं तर मला फोन करा, मी रागावणार नाही.

पहिल्या महिन्यात तीन फोन आले. त्यातला एक खरा निघाला, बिलाच्या नावाने आलेला फसवा ईमेल. आधी मी रागवायचो, तेव्हा असे फोन येतच नव्हते. धोका तेव्हाही असणारच, फक्त तो मला कोणी सांगत नव्हतं.

तुम्ही घरातले अ‍ॅडमिन आहात

मित्रांनो, हा लेख वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात फोन घेतला की सेटिंग कोण करून देतं? तुम्हीच. आई, बाबा, आजी यांच्या फोनचे सिस्टीम अ‍ॅडमिन तुम्ही आहात, पगार नसला तरी. त्यांना दहा सल्ले देऊ नका. त्यांचा फोन दहा मिनिटं हातात घ्या आणि तीन गोष्टी करा.

एक. सेटिंगमध्ये वरच्या शोधपट्टीत ‘अननोन अ‍ॅप्स’ शोधा. तिथे व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाईल मॅनेजर यांची परवानगी बंद करा. मग प्ले स्टोअर उघडून, वरच्या फोटोवर दाबून, प्ले प्रोटेक्ट चालू आहे का बघा. मॅच बघायची असली तरी ते बंद करू नका.

दोन. पिकाचे किंवा बचतीचे पैसे ज्या खात्यात आहेत, ते खातं यूपीआयला जोडलेलं नसलं तर उत्तम. रोजच्या खर्चाचं खातं वेगळं ठेवा आणि त्यात थोडेच पैसे ठेवा. यूपीआय आणि कार्डाची रोजची मर्यादाही बँकेच्या अ‍ॅपमधून कमी करता येते. चोर शिरलाच तरी त्याच्या हाती कमी लागेल.

तीन. १९३० हा सायबर हेल्पलाईनचा नंबर ‘पैसे गेले’ या नावाने सेव्ह करून द्या. पैसे गेले की आधी तिथे फोन आणि लगेच बँकेला. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार, चूक आपली नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. आपल्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असले, तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणून लाजेपायी सकाळपर्यंत थांबायचं नाही.

मोठेबाबा थांबले होते. रात्री मेसेज दिसले, पण घरात कोणाला सांगायचं म्हणून ते झोपलेच नाहीत आणि बोललेही नाहीत. मी रागावेन, असं त्यांना वाटलं. सकाळी आम्ही १९३० ला कळवलं, तेव्हा फक्त शेवटच्या व्यवहारातले ११,००० रुपये गोठवता आले. बाकीचे ३५,००० गेले ते गेले. रात्रीच फोन लागला असता तर कदाचित जास्त वाचले असते.

आता त्यांच्या फोनवर काही आलं की ते मला दाखवतात. परवा म्हणाले, “हे पाय बरं, लाडक्या बहिणीचं काहीतरी आलं. तुही मोठी आई दाबून राह्यली होती.” मी बघितलं, ती फसवी लिंक होती. “बरं झालं दाखवलं,” एवढंच म्हणालो आणि मोठ्या आईचा फोन सेटिंगसाठी हातात घेतला.